नेटवर्किंग शिका पॅकेटच्या मागे जात: आधी अंदाज, मग कमांड

नेटवर्किंग शिकायला बसलेली मंडळी दोन ठिकाणी अडकतात. काहींना ओएसआयचे (नेटवर्कचं काम सात पायऱ्यांत वाटणाऱ्या नमुन्याचे) सातही थर तोंडपाठ असतात, पण समोरच्या मशीनचा गेटवे (नेटवर्कबाहेर जायचं दार) कोणता, असं विचारलं की ते गप्प होतात. काहींकडे वीस कमांडची यादी असते. पिंगचं (समोरचं मशीन उत्तर देतं का हे तपासणाऱ्या कमांडचं) उत्तर आलं नाही की ते त्या वीसच्या वीस कमांड एकामागून एक चालवतात आणि एखादी लागू पडली तरी का लागू पडली हे त्यांना सांगता येत नाही. वाचन आणि सराव वेगवेगळ्या दिवशी, एकमेकांशी संबंध न ठेवता केल्यामुळे हे होतं.

म्हणून या लेखात एकच नियम शेवटपर्यंत पाळायचा आहे. कमांड चालवण्याआधी काय दिसेल याचा अंदाज वहीत लिहायचा, मग कमांड चालवायची आणि अंदाज चुकला तर तिथेच थांबून कारण शोधायचं. खरं शिकणं त्या चुकलेल्या अंदाजाजवळच होतं. टप्प्यांचा क्रम बदलू नका, कारण प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्यावर उभा आहे.

## तयारी: इथे घाई केली तर पुढचं सगळं फसतं

एक साधा लॅपटॉप पुरतो. ८ जीबी रॅम असेल तर तीन व्हर्च्युअल मशीन (लॅपटॉपच्या आतच चालणारे वेगळे संगणक) आरामात चालतात, फक्त त्यांत लिनक्सची डेस्कटॉप नसलेली आवृत्ती टाका. खिडक्या आणि आयकॉनची इथे गरज नाही. व्हर्च्युअलबॉक्ससारखं मोफत सॉफ्टवेअर घ्या आणि एक मशीन नीट तयार करा. त्याच्या दोन प्रती नंतर काढायच्या आहेत.

प्रती काढण्याआधी, इंटरनेट चालू असतानाच, त्या पहिल्या मशीनवर टीसीपीडम्प (पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारे माहितीचे तुकडे, पकडून दाखवणारं), नेटकॅट (दोन मशीनमध्ये साधी जोडणी करणारं), ट्रेसराऊट (पॅकेटची वाट दाखवणारं) आणि डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा) तपासायची साधनं टाकून घ्या. बरेच जण आधी मशीन बंदिस्त नेटवर्कमध्ये नेतात आणि मग काही इन्स्टॉल होत नाही म्हणून परत मागे येतात.

आता त्या मशीनच्या प्रती काढा. मशीनना आपण अ, ब आणि क म्हणू. प्रत काढताना सर्व अडॅप्टरसाठी नवा मॅक पत्ता (नेटवर्क अडॅप्टरचा स्वतःचा पत्ता) तयार करण्याचा पर्याय निवडा. तो निवडला नाही तर दोन मशीनचा मॅक पत्ता एकच राहू शकतो. मग पिंग कधी चालतं, कधी चालत नाही आणि दोष कशात आहे हे दिवसभर सापडत नाही.

सावधान: व्हर्च्युअलबॉक्समध्ये सुरुवातीला अडॅप्टर एनएटी या प्रकारात असतो. त्या प्रकारात प्रत्येक मशीन आपल्या स्वतंत्र नेटवर्कमध्ये असतं आणि सहसा प्रत्येकाला १०.०.२.१५ हाच पत्ता मिळतो. दोन मशीनचा पत्ता एकच दिसला की लोक चक्रावतात. सरावासाठी अडॅप्टर ‘इंटर्नल नेटवर्क’ या प्रकारात न्या आणि अ आणि ब या मशीनवर नेटवर्कचं नाव अक्षरशः सारखं ठेवा. एनएटीचा अडॅप्टर जोडीला ठेवू नका. तो असला की मशीनला बाहेर जायची आणखी एक वाट मिळते आणि खालच्या प्रयोगांचे निकाल बदलतात.

आणखी एक गोष्ट. या अंतर्गत नेटवर्कमधली पॅकेट्स लॅपटॉपवरच्या वायरशार्कला (पॅकेट बघण्याच्या सॉफ्टवेअरला) दिसत नाहीत. ती व्हर्च्युअल मशीनच्या आतच पकडावी लागतात, म्हणूनच टीसीपीडम्प घेतलं. ते चालवताना ‘एन’ पर्याय कायम लावा. तो नसेल तर टीसीपीडम्प प्रत्येक पत्त्याचं नाव शोधत बसतं. इथे डीएनएस नाही, त्यामुळे ओळी अडखळत येतात आणि नेटवर्कच संथ आहे असं वाटतं.

हे सगळं जमलं की तिन्ही मशीनचा स्नॅपशॉट (परत जाता येईल अशी आत्ताच्या स्थितीची नोंद) घ्या. पुढे आपण मुद्दाम मोडतोड करणार आहोत.

हा सराव स्वतःच्या मशीनवरच करा. दुसऱ्याच्या नेटवर्कवर परवानगीशिवाय पॅकेट पकडणं किंवा पोर्ट (मशीनवरच्या सेवांचे क्रमांक दिलेले दरवाजे) तपासत फिरणं हा गुन्हा ठरू शकतो.

## टप्पा १: स्वतःच्या मशीनची पाच उत्तरं

रोज वापरता त्या लॅपटॉपपासून सुरुवात करा. वहीत पाच ओळी लिहा: आयपी पत्ता, सबनेट मास्क (पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा हे सांगणारा), गेटवे, डीएनएस सर्व्हर, मॅक पत्ता. विंडोजवर आयपीकॉन्फिगला ‘ऑल’ जोडलं की सगळं एका ठिकाणी मिळतं. लिनक्सवर पत्ता, वाटा आणि डीएनएस वेगवेगळ्या ठिकाणी बघावे लागतात.

यातल्या प्रत्येक ओळीपुढे ‘ही नसेल तर काय बंद पडेल?’ याचं उत्तर लिहा. चुकलं तरी चालेल, पाचव्या टप्प्यानंतर ते पान पुन्हा उघडायचं आहे.

तपासा: पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर मशीनने पत्ता मागितला, पण डीएचसीपीकडून (मशीनना पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून) उत्तर आलं नाही आणि शेवटी मशीनने स्वतःच एक पत्ता घेतला. पत्ता १०, १९२.१६८ किंवा १७२.१६ ते १७२.३१ यांपैकी कशानेही सुरू होत असेल तर तो खाजगी आहे, बाहेरचं जग तुम्हाला त्या पत्त्याने ओळखत नाही.

## टप्पा २: एका नेटवर्कमधली दोन मशीन

अ ला १९२.१६८.१०.१० आणि ब ला १९२.१६८.१०.२० असे पत्ते द्या, दोन्हीकडे मास्क /२४. गेटवे देऊ नका. ब वर टीसीपीडम्प सुरू करा, त्याला ‘ई’ पर्यायही लावा म्हणजे मॅक पत्ते दिसतील.

आता वहीत लिहा: अ वरून ब ला एकदाच पिंग केलं तर ब वर पहिलं पॅकेट कोणतं दिसेल? बहुतेक जण ‘पिंगचं’ असं लिहितात. मग पिंग करा.

पहिल्या ओळीत पिंग नसतंच. तिथे एआरपीचा (आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता शोधणाऱ्या प्रोटोकॉलचा) प्रश्न दिसतो: १९२.१६८.१०.२० कोणाकडे आहे, १९२.१६८.१०.१० ला सांगा. हा प्रश्न सगळ्यांसाठी असतो, म्हणून तो ज्याला पाठवला त्या मॅक पत्त्याच्या जागी सगळीकडे एफ दिसतात. दुसऱ्या ओळीत ब स्वतःचा मॅक पत्ता कळवतं. पिंगची विनंती त्यानंतर येते. कारण सरळ आहे: फ्रेम (पॅकेट ज्या पाकिटातून जातं ते) मॅक पत्त्यावर जाते आणि अ कडे तोपर्यंत फक्त आयपी पत्ता होता.

लगेच पुन्हा पिंग केलं तर आधी एआरपीचा प्रश्न दिसत नाही, कारण उत्तर अ च्या साठ्यात असतं. लिनक्सवर ‘आयपी नेबर’ या कमांडने तो साठा बघा, रिकामा करा आणि पुन्हा पिंग करा. हे तीन-चार वेळा करा. कंटाळा आला तरी करा, कारण पुढच्या निम्म्या बिघाडांचं मूळ या दोन ओळींत आहे.

आता नसलेल्या पत्त्याला पिंग करा, समजा १९२.१६८.१०.७७. एआरपीचा प्रश्न पुन्हा पुन्हा दिसेल, उत्तर येणार नाही आणि अ वर ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ असा संदेश येईल. तो संदेश कोणत्या पत्त्यावरून आला ते वाचा. तो अ च्या स्वतःच्याच पत्त्यावरून आलेला असतो. पिंगचं पॅकेट घराबाहेर पडलंच नाही, कुठे द्यायचं हे न कळल्याने दारातच थांबलं.

सावधान: समोर विंडोज मशीन असेल तर त्याचं फायरवॉल बऱ्याचदा पिंगला उत्तर देत नाही. त्यामुळे पिंगचं उत्तर आलं नाही म्हणून नेटवर्क बंद आहे असा निष्कर्ष काढू नका. एआरपीचं उत्तर आलंय का ते बघा. आलं असेल तर त्या मशीनपर्यंतची वाट शाबूत आहे.

## टप्पा ३: सबनेट हाताने सोडवा

कॅल्क्युलेटरच्या वेबसाइट आत्ता बंद ठेवा. वीस उदाहरणं कागदावर केली की सबनेट कायमचं डोक्यात बसतं.

१९२.१६८.१०.१३०/२६ घ्या. आयपीव्ही४ पत्ता ३२ बिटांचा. त्यातले २६ नेटवर्कचे, म्हणजे मशीनसाठी उरले ६. दोनचा सहावा घात ६४, म्हणून प्रत्येक तुकडा ६४ पत्त्यांचा. तुकडे सुरू होतात ०, ६४, १२८ आणि १९२ पासून. १३० पडतो १२८ च्या तुकड्यात. नेटवर्कचा पत्ता १२८, ब्रॉडकास्ट (सगळ्यांना एकदम पाठवायचा पत्ता) १९१, मशीनना देता येतील असे १२९ ते १९०, म्हणजे ६२.

एकदा बायनरीतही करून बघा. १३० म्हणजे १०००००१०. मास्कचा शेवटचा भाग १९२, म्हणजे ११००००००. दोन्हीकडे १ असेल तिथेच १ ठेवा: १०००००००, म्हणजे १२८. पॅकेट पाठवताना मशीन हीच तुलना करतं आणि त्यातून एकाच प्रश्नाचं उत्तर काढतं: समोरचा माझ्याच नेटवर्कमध्ये आहे की बाहेर? आत असेल तर थेट त्याच्यासाठी एआरपी करायचं, बाहेर असेल तर पॅकेट गेटवेकडे सोपवायचं.

आता हे मोडून बघा. अ तसंच ठेवा, १९२.१६८.१०.१० आणि /२४. ब ला १९२.१६८.१०.२०० द्या, पण मास्क /२५ ठेवा. पिंग करण्याआधी लिहा: अ च्या मते ब आत की बाहेर? ब च्या मते अ आत की बाहेर?

अ ला ब आतला वाटतो, कारण त्याच्या दृष्टीने ० ते २५५ सगळे आतले. ब चा तुकडा मात्र १२८ ते २५५ एवढाच, त्यामुळे त्याच्या लेखी १० हा पत्ता बाहेरचा. ब वरून अ ला पिंग केलं तर ‘नेटवर्क इज अनरीचेबल’ हा संदेश क्षणात येतो, कारण बाहेरचा पत्ता आहे आणि गेटवे नाही. ब वर टीसीपीडम्प लावून बघा, त्या पिंगचं एकही पॅकेट निघालेलं नसतं. अ वरून ब ला पिंग केलं तरी उत्तर मिळत नाही. केबल, स्विच, पत्ता सगळं बरोबर आणि चूक फक्त एका आकड्यात.

मागच्या टप्प्यातला ‘होस्ट अनरीचेबल’ आणि हा ‘नेटवर्क अनरीचेबल’ शेजारी शेजारी लिहून ठेवा. पहिल्याचा अर्थ वाट माहीत आहे, पण पुढे कोणी उत्तर देत नाही. दुसऱ्याचा अर्थ वाटच माहीत नाही. लोक दोन्हींना ‘नेट नाही’ म्हणतात आणि चुकीच्या ठिकाणी शोधतात.

सावधान: लिनक्सवर ‘आयपी अ‍ॅड्रेस अ‍ॅड’ कमांडने नवा पत्ता दिला की जुना पुसला जात नाही, दोन्ही राहतात. हा प्रयोग ‘फसण्याचं’ सर्वांत नेहमीचं कारण हेच. आधी जुना पत्ता काढा, मग नवा द्या आणि अडॅप्टरवर एकच पत्ता आहे याची खात्री करा. असे दिलेले पत्ते मशीन रीस्टार्ट केल्यावर जातात, तेही लक्षात ठेवा.

## टप्पा ४: मध्ये राउटर

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. मी आठवडाभर दिला होता आणि तो कधी वाया गेला असं वाटलं नाही.

आता ब हा दोन नेटवर्क जोडणारा राउटर होईल, म्हणून त्याला दुसरा अडॅप्टर लावा. एका बाजूला अ, दुसऱ्या बाजूला क, दोन्ही बाजूंच्या अंतर्गत नेटवर्कची नावं वेगळी. अ ला १९२.१६८.१०.१०, ब च्या त्या बाजूला १९२.१६८.१०.१. क ला १९२.१६८.२०.१०, ब च्या त्या बाजूला १९२.१६८.२०.१. सगळीकडे /२४.

पुढचा क्रम असा ठेवा:

1. अ वरून ब ला आणि क वरून ब ला पिंग करा. शेजारी बोलत नसतील तर पुढे जाण्यात अर्थ नाही.
2. फक्त अ ला गेटवे द्या: १९२.१६८.१०.१.
3. ब वर आयपी फॉरवर्डिंग (दुसऱ्यासाठी आलेलं पॅकेट पुढे पाठवणं) चालू करा. लिनक्समध्ये ते सहसा बंद असतं आणि बंद असताना दुसऱ्यासाठी आलेलं पॅकेट ब गुपचूप टाकून देतं, कळवत नाही.
4. आता अ वरून क ला पिंग करा.

उत्तर येणार नाही. मुद्दामच क चा गेटवे आपण दिलेला नाही. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा अख्खी संध्याकाळ अ आणि ब तपासण्यात घालवली, क कडे बघितलंच नाही. तुम्ही क वर टीसीपीडम्प लावा. विनंती येताना स्पष्ट दिसते, उत्तर मात्र निघतच नाही. क ला अ कडे जायची वाट ठाऊक नाही. पिंग यशस्वी व्हायला जायची आणि यायची अशा दोन्ही वाटा लागतात. परतीची वाट विसरणं ही नेटवर्किंगमधली मला सर्वांत जास्त वेळा दिसलेली चूक आहे, आणि ती नवशिक्यांपुरती नाही.

क ला १९२.१६८.२०.१ हा गेटवे द्या. पिंग सुरू होईल.

एवढ्यावर समाधान मानू नका. अ वर आणि क वर एकाच वेळी टीसीपीडम्प लावा, ‘ई’ आणि ‘व्ही’ हे पर्याय जोडून. एकच विनंती दोन्हीकडे पकडा आणि दोन्ही ओळी वहीत एकाखाली एक उतरवा. आयपी पत्ते दोन्हीकडे तेच: कडून १९२.१६८.१०.१०, ला १९२.१६८.२०.१०. मॅक पत्ते मात्र दोन्ही बदललेले. अ च्या बाजूला फ्रेम अ कडून ब कडे जाते, क च्या बाजूला ब कडून क कडे. आणि टीटीएल (पॅकेट आणखी किती राउटर ओलांडू शकतं तो आकडा) ६४ वरून ६३ झालेला. आयपी पत्ता प्रवासाचा शेवट सांगतो, मॅक पत्ता फक्त पुढचं पाऊल. ओएसआयच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या थरातला फरक याहून चांगला कुठल्याही आकृतीत दिसत नाही. पुस्तकातलं थरांचं प्रकरण आता वाचा, आत्ता ते समजेल.

ट्रेसराऊट याच टीटीएलवर चालतं. तो १ ठेवून पॅकेट सोडलं की पहिला राउटर ते टाकतो आणि तसं कळवतो, २ ठेवला की दुसरा. मधल्या एखाद्या ओळीत नुसते तारे दिसले म्हणजे तिथे तुटलंय असं नाही. तो राउटर फक्त उत्तर देत नाही. पुढच्या ओळी येत असतील तर वाट चालू आहे.

तपासा: अ वर ‘आयपी रूट गेट’ कमांडला क चा पत्ता द्या. कुठल्या अडॅप्टरमधून, कुठल्या गेटवेमार्फत पॅकेट जाईल ते एका ओळीत कळतं. तुमचा अंदाज याच कमांडशी ताडून बघायची सवय लावा.

## टप्पा ५: नाव आणि पत्ता वेगळे ठेवा

हा टप्पा छोटा आहे आणि रोजच्या लॅपटॉपवर करायचा आहे. डीएनएस सर्व्हरचा पत्ता तात्पुरता चुकीचा ठेवा. मग इंटरनेटवरच्या १.१.१.१ या पत्त्याला पिंग करा आणि एखाद्या साइटच्या नावालाही करा. पहिलं चालतं, दुसरं नाही. ‘इंटरनेट बंद आहे’ अशी तक्रार आली की हे दोन पिंग आधी करा.

ब्राउझरवर विसंबू नका. काही ब्राउझर डीएनएस स्वतःच्या वेगळ्या वाटेने विचारतात, शिवाय जुनी उत्तरं साठवून ठेवतात. एनएसलुकअपने थेट सर्व्हरला विचारा.

प्रयोग संपला की डीएनएस पूर्ववत करा. पहिल्या टप्प्यातलं पान उघडा आणि पाचही उत्तरं सुधारा.

## टप्पा ६: पोर्ट, आणि नकाराचे दोन प्रकार

क वर नेटकॅटला ५००० या पोर्टवर ऐकायला बसवा. अ वरून नेटकॅटनेच जोडणी करा. टीसीपीडम्पमध्ये जोडणीची विनंती, तिचा होकार आणि पोच अशा तीन ओळी दिसतील: सिन, सिन-अ‍ॅक, अ‍ॅक. टीसीपीडम्प अ‍ॅक नुसत्या टिंबाने दाखवतं, त्यामुळे पहिल्यांदा ती ओळ नजरेतून सुटते. अ वर काही टाइप करा, तो मजकूर क वर उमटेल आणि टीसीपीडम्पला मोठ्या लिपीतला ‘ए’ पर्याय लावला तर पकडलेल्या पॅकेटमध्येही जसाच्या तसा वाचता येईल. एन्क्रिप्शन का लागतं हे तिथेच दिसतं.

आता नेटकॅट बंद करून पुन्हा जोडा. लगेच ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ येतं आणि टीसीपीडम्पमध्ये रीसेट (जोडणी नाकारल्याचा संदेश) दिसतो. मग नेटकॅट चालू करून क च्या फायरवॉलमध्ये ५००० पोर्टवरची पॅकेट टाकून देण्याचा नियम लावा आणि पुन्हा जोडा. या वेळी काहीच होत नाही, सिन पुन्हा पुन्हा जातं आणि बऱ्याच वेळाने ‘टाइम्ड आउट’ येतं.

नकार आला म्हणजे मशीनपर्यंतची वाट सहसा ठीक आहे, त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. शांतता असेल तर पॅकेट वाटेत कुठेतरी गिळलं जातंय, आणि बहुधा ते फायरवॉल असतं. हे दोन निकाल ओळखता आले की अर्धा तास वाचतो.

सावधान: सर्व्हिस चालू दिसते, त्याच मशीनवरून उघडते, पण दुसरीकडून उघडत नाही. फायरवॉलला दोष देण्याआधी ‘एसएस’ कमांडने बघा की ती सर्व्हिस १२७.०.०.१ वर ऐकतेय की ०.०.०.० वर (म्हणजे मशीनच्या सगळ्या पत्त्यांवर). १२७.०.०.१ असेल तर ती फक्त स्वतःच्याच मशीनपुरती आहे. बाहेरून आलेल्याला तिच्याकडून नकारच मिळणार.

## टप्पा ७: दुसऱ्याने मोडायचं, तुम्ही शोधायचं

सोबत शिकणारं कोणी असेल तर त्याला अ, ब, क पैकी कुठेही एकच गोष्ट बिघडवायला सांगा: मास्क बदलणं, फॉरवर्डिंग बंद करणं, क चा गेटवे काढणं, एक पोर्ट अडवणं. तुम्ही खोलीबाहेर थांबा. एकटे असाल तर पाच बिघाडांच्या चिठ्ठ्या करा, प्रत्येकीसाठी छोटी स्क्रिप्ट लिहा आणि न बघता एक चालवा.

शोधताना क्रम खालून वर: अडॅप्टर चालू आहे का, पत्ता आणि मास्क बरोबर आहेत का, गेटवेचा मॅक पत्ता मिळतोय का, वाट आहे का, परतीची वाट आहे का, नावावरून पत्ता मिळतोय का, पोर्टवर कोणी ऐकतंय का. एका वेळी एकच बदल करा आणि तो वहीत लिहा. दोन बदल एकत्र केले आणि चालू झालं, तर कशामुळे झालं हे कळत नाही. अशा वेळी स्नॅपशॉटवर परत जाऊन पुन्हा करा.

सलग दहा बिघाड, कुठलीही यादी समोर न ठेवता, प्रत्येकी पंधरा मिनिटांच्या आत सापडले की व्हीएलएएन, एनएटी आणि राउटिंग प्रोटोकॉल घ्यायला हरकत नाही. आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) ही त्यानंतर लगेच घ्या. त्यात पत्ते १२८ बिटांचे असतात आणि एआरपी नसतं, शेजाऱ्याचा शोध आयसीएमपीव्ही६ मधून लागतो. तेव्हा दुसऱ्या टप्प्यापासून हेच प्रयोग आयपीव्ही६ चे पत्ते देऊन पुन्हा करा, आणि पिंग करण्याआधी पहिलं पॅकेट कोणतं दिसेल ते वहीत लिहा.